दोघींवर प्रेम : हिशोब कुणी द्यायचा?

एकाच वेळी दोघींवर प्रेम करता येतं का? आमच्या दिघ्यातल्या अभ्यासवर्गात गेले दोन महिने हा एकच विषय चालू आहे. ‘जातिव्यवस्थेचे निर्मूलन’ बाजूला पडलं, वर्गणी बाजूला पडली, चौदा एप्रिलची बैठकसुद्धा यावरच मोडली. कारण विषय हवेतून आलेला नाही. आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याने बायको-पोरं इलठणपाड्याच्या चढावर ठेवून दुसरी खोली केली आहे. कार्यकर्ता चांगला आहे. मोर्चात पुढे असतो, पोलिसांच्या काठ्या खाल्लेल्या आहेत, वाचलेला आहे, बोलायला उभा राहिला की पोरं मान डोलावतात. आणि तो म्हणतो, “माझं दोघींवरही खरं प्रेम आहे. एकीवर प्रेम म्हणजे दुसरीचा द्वेष नव्हे. एकपत्नीत्व ही बामणी नीती आहे. आपण विद्रोही माणसं. आपल्याला मनूची फूटपट्टी कशाला?”

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्या टाळ्यांसाठी लिहिते आहे. त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही, त्याच्या घरात डोकावणार नाही. ते काम वस्तीत नळावर चांगलं चालतं. मला त्याचा युक्तिवाद तपासायचा आहे, कारण तो एकट्याचा नाही. आपल्या चळवळीत तो पन्नास वर्षं फिरतो आहे. कवितेत फिरला, आत्मचरित्रात फिरला, शिबिरात रात्री दिवा मालवल्यावरच्या गप्पांत फिरला. त्याची उलटतपासणीही आपल्याच पुस्तकांनी केलेली आहे. आपण ती पुस्तकं कपाटात ठेवतो आणि जयंतीला पुसतो, हा भाग वेगळा.

१

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. होय, येतं.

माणसाचं मन म्हणजे रेशनकार्ड नव्हे, की एका दुकानातून नाव कमी केल्याशिवाय दुसऱ्या दुकानात चढत नाही. मुंबईच्या गिरणगावात हजारो माणसं गावाकडे एक आणि इथे एक असा संसार करत होती. गावच्या बायकोला दर महिन्याला मनिऑर्डर, आणि इथलीच्या हातची भाकर. गावची वारली की इथे ढसाढसा रडायचे. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून माणसं मुंबईच्या आसऱ्याला आली, आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत आणि दगडखाणींत राबली, त्यांच्यातही हे झालं. भूक, एकटेपणा, अंगाला अंग लागण्याची ओढ यांची हेटाळणी पांढरपेशांनी करावी, त्यांची घरं मोठी आहेत. आपण करू नये.

तेव्हा मनाचा प्रश्न संपला. दोघांवर, तिघांवर जीव जडू शकतो. ज्याला अभ्यासवर्गात एवढंच सिद्ध करायचं होतं त्याने खाली बसायला हरकत नाही.

पण बैठकीत मी एक साधा प्रश्न विचारला होता, तो इथे पुन्हा लिहिते. “भाऊ, वहिनींचंही असंच दोघांवर प्रेम बसलं तर?” आधी कुणी बोललं नाही. मग कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. मग भाऊ म्हणाले, “ताई, विषय भरकटवू नका.”

विषय तिथेच सुरू होतो, दोस्तांनो! ज्या प्रश्नाच्या एका बाजूला तत्त्वज्ञान आहे आणि दुसऱ्या बाजूला हसू आहे, तो प्रश्न प्रेमाचा राहत नाही. तो मालकीचा होतो.

२

आता ‘एकपत्नीत्व ही बामणी नीती’ हे वाक्य घेऊ. ऐकायला झणझणीत आहे. पण ते खोटं आहे.

मनूने पुरुषाला एकपत्नीव्रत कधी सांगितलं? उलट बायको बदलण्याचं वेळापत्रकच दिलं आहे. मूल होत नसेल तर आठव्या वर्षी दुसरी करा, मुलं जगत नसतील तर दहाव्या, नुसत्या मुलीच होत असतील तर अकराव्या, आणि बायको तोंडाळ असेल तर ताबडतोब! व्रत होतं ते बाईला. पातिव्रत्य तिचं, पत्नी किती हा हिशोब त्याचा. हिंदू पुरुषाला कायद्याने हव्या तितक्या बायका करता येत होत्या. मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने त्याला बंदी आली आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. म्हणजे दोन बायकांची परंपरा मनूची, आणि एका बायकोची सक्ती त्याच्या विरोधातली आहे.

आणि ही सक्ती आणण्यासाठी कोण झगडलं? हिंदू कोड बिलात एकपत्नीत्व होतं, घटस्फोट होता, मुलीला वारसा होता. सनातन्यांनी त्यावर काहूर माजवलं. बिल पुढे सरकत नाही असं दिसल्यावर बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कारणं आणखीही होती, पण हे त्यातलं मोठं कारण होतं. बापाने ज्या कलमासाठी खुर्ची सोडली, त्या कलमाला लेक विद्रोहाच्या नावाने बामणी म्हणतो!

कुणी म्हणेल, बाबासाहेब म्हणजे जुन्या वळणाचे, नीतीचे कडक, त्यांना प्रेमाचं स्वातंत्र्य काय कळणार? त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते, १९२७ पासून. त्या मासिकात ते लिहीत की कामसंबंधात पुरुष घेतो ती मोकळीक बाईलाही असली पाहिजे, लग्न म्हणजे एकमेकांच्या देहाची मालकी नव्हे. पुण्या-मुंबईच्या सभ्य लोकांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं होतं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकील म्हणून कोर्टात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. वाचकांनी लैंगिक शंका विचारल्या आणि संपादकाने शास्त्रीय उत्तरं दिली, तर त्यात गुन्हा काय, अशी ती बाजू होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला.

एका हाताने कर्व्यांचं वकीलपत्र आणि दुसऱ्या हाताने एकपत्नीत्वाचं कलम. पोरं मला म्हणाली, ताई, हा विरोधाभास आहे. मला तो दिसत नाही. देहाविषयी, वासनेविषयी, एकापेक्षा जास्त प्रेमाविषयी मोकळेपणी बोलता आलं पाहिजे, ही एक गोष्ट. आणि ज्या समाजात बाईच्या हातात ना जमीन ना पगार, तिथे पुरुषाने दुसरी आणून पहिलीला उपाशी मारू नये, ही दुसरी. पहिलीसाठी बोलण्याचं स्वातंत्र्य लागतं, दुसरीसाठी कायदा. कर्वेसुद्धा मोकळीक मागत होते ती दोघांना. आमच्या भाऊंनी कर्व्यांमधलं अर्धं वाक्य घेतलं आणि बाबासाहेबांमधलं एकही घेतलं नाही.

अजून एक. आपल्या बायकांना ‘अनेकांचं प्रेम’ नवीन नाही. देवाला सोडलेली आपलीच पोर होती. मुरळी आपली, जोगतीण आपली. गावातल्या वजनदारांची तिच्यावर ‘माया’ असे आणि तिच्या पोराला बापाचं नाव नसे. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी अशा बायकांसमोर भाषण केलं आणि हे जिणं सोडा म्हणून सांगितलं. तिथे जमलेल्या बायकांना एकनिष्ठेची जोडीदारी ही बेडी वाटली नसेल. ज्यांना कुणी ‘फक्त माझी’ म्हणायलाच तयार नव्हतं, त्यांच्यासाठी ती इभ्रत होती. वरच्या जातीची बाई लग्नाच्या पिंजऱ्यातून बाहेर पडायला धडपडत होती, तेव्हा आपली बाई लग्नाचा उंबरठा मिळावा म्हणून धडपडत होती. हा फरक ज्याला समजत नाही त्याने बाहेरचं तत्त्वज्ञान वस्तीत आणू नये.

३

आता पुस्तकांकडे येते.

मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ मध्ये आलं. शाहीर अमर शेखांची ही मुलगी, लाल बावट्याच्या घरात वाढलेली, स्वतः कवयित्री. नवरा नामदेव ढसाळ — ‘गोलपिठा’चा कवी, १९७२ साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरचा संस्थापक. आपल्या पिढ्यांनी ज्याच्या कवितेतून बोलायला शिकलं तो माणूस. आणि त्याच्या घरात काय होतं ते त्याच्या बायकोने लिहिलं. दारू, मारहाण, पैशांची चणचण, बाहेरच्या बायका, आणि त्यातून तिच्या शरीराला लागलेला रोग. सगळं. झाकपाक न करता.

पुस्तक आलं तेव्हा खळबळ झाली. आजही आपल्यातले जुने लोक या पुस्तकाचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. चळवळीची बदनामी म्हणतात. विरोधकांच्या हाती कोलीत दिलं म्हणतात. मी हे पुस्तक दिघ्यातल्या अभ्यासवर्गात वाचायला दिलं तेव्हा ते तीन आठवड्यांत परत आलं आणि मधली काही पानं कुणीतरी दाबून चिकटवल्यासारखी दुमडलेली होती. पुस्तकाची यापेक्षा मोठी पावती मला माहीत नाही.

समीक्षक या पुस्तकाला ‘बंडखोर स्त्रीचं प्रांजळ आत्मकथन’ म्हणून मोकळे होतात. हा शिक्का पुरेसा नाही. या पुस्तकात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती बाई त्या माणसावर प्रेम करते. द्वेष करते आणि प्रेम करते. एका पानावर शिव्या आणि त्याच पानावर ओढ. तिचा राग सवतीवर नाही. दुसऱ्या बायकांना ती कुलटा म्हणत बसत नाही. तिचा प्रश्न असा आहे, की तू जगातल्या सगळ्या पिचलेल्यांसाठी रडतोस, मग घरातली ही पिचलेली तुला दिसत का नाही?

आणि इथे आपली समीक्षा अडखळते. ‘गोलपिठा’मध्ये कामाठीपुऱ्याची बाई आहे. ती जितकी माणूस म्हणून तिथे उभी राहिली, तितकी त्याआधी मराठी कवितेत उभी राहिली नव्हती. हे मी मान्य करते आणि कुणी नाकारलं तर भांडेन. पण ज्याने वेश्येला माणूस म्हणून कवितेत आणलं, त्याच्या घरातल्या बाईला स्वतःला माणूस म्हणून सिद्ध करायला वेगळं पुस्तक लिहावं लागलं. दोन्ही पुस्तकं खरी आहेत. एकाने दुसरं रद्द होत नाही. ढसाळ १५ जानेवारी २०१४ ला गेले, कविता राहिली, राहणारच. पण ‘गोलपिठा’ वाचून ज्याने ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ वाचलं नाही त्याने त्या काळाचं अर्धंच वाचलं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या सिलॅबसात, शिबिरांच्या यादीत, ही दोन पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवली पाहिजेत.

दुसरं पुस्तक ‘बलुतं’, १९७८. दया पवारांनी स्वतःला सोडलेलं नाही, हा त्या पुस्तकाचा मोठेपणा. त्यात पहिल्या बायकोवरच्या संशयाचं प्रकरण आहे. संशय आला आणि संसार मोडला. लेखक ते लपवत नाही, त्याचा सल त्याला आहे. आणि त्याच पुस्तकात लेखकाच्या स्वतःच्या मनाच्या ओढीही आहेत, इकडे-तिकडे गुंतलेलं मन आहे. आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. पुरुषाचं मन दुसरीकडे गेलं, त्याची झाली हळवी पानं. बाईचं मन दुसरीकडे गेल्याचा नुसता संशय आला, तिचा झाला काडीमोड. हे काही एका लेखकाचं पाप नव्हे. लेखक प्रामाणिक होता म्हणून आपल्याला दिसलं तरी. बाकीच्यांनी तेही दिसू दिलं नाही.

तिसरं शांताबाई कांबळे यांचं ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’, १९८६. नाजा नावाची पोर शिकते, मास्तराशी लग्न होतं, आणि मास्तर दुसरं लग्न करतो. शिकलेला, सुधारलेला मास्तर! नाजा रडून पदर धरून बसत नाही. घर सोडते. सोलापूर जिल्ह्यातली पहिली दलित शिक्षिका म्हणून या बाईचं नाव घेतलं जातं. तिने स्वतःच्या पगारावर पाय रोवले. या पुस्तकात तत्त्वज्ञान नाही, आरडाओरडा नाही. साध्या बोलीत एक बाई सांगते, की दोघींचा संसार मला नको. ‘नको’ म्हणायला तिच्याकडे एक गोष्ट होती — शिक्षण आणि त्यातून आलेली नोकरी. चढावरच्या आमच्या वहिनींकडे ती नाही. त्या सकाळी एमआयडीसीत रोजंदारीला जातात आणि संध्याकाळी पाण्याच्या रांगेत असतात. त्यांचं गप्प राहणं म्हणजे त्यांची संमती, असा अर्थ काढायला भाऊ मोकळे आहेत. त्यांना वाचता येतं ना!

४

आणि दुसरी बाई? जिच्यासाठी दुसरी खोली केली ती?

आपल्या साहित्यात पहिलीने लिहिलं. दुसरीने लिहिलेलं पुस्तक माझ्या वाचनात नाही. दुसऱ्या घराची गोष्ट मला सापडली ती पोराने सांगितलेली — किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’, १९९४. तमाशात नाचणारी आई, तिला ‘ठेवणारा’ घरंदाज माणूस, आणि बापाच्या नावाची जागा रिकामी म्हणून आईचं नाव लावणारा मुलगा. त्या माणसाचं त्या बाईवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? असेलही. पण प्रेमाने पोराला शाळेच्या दाखल्यावर नाव दिलं नाही.

बाहेरच्या जगातलंही एक उदाहरण देते, कारण आमचे भाऊ सार्त्रचं नाव फार घेतात. सार्त्र आणि सिमोन द बोव्हार यांनी लग्न न करता, एकमेकांना इतर प्रेमांची मोकळीक देऊन आयुष्य काढलं. दोघं बुद्धिमान, दोघं कमावते, दोघांनाही सारखी मोकळीक. आदर्शच म्हणा. पण त्या दोघांच्या कराराबाहेर एक तिसरी होती. बियांका लांब्लँ, बोव्हारची विद्यार्थिनी. दोघांशी तिचे संबंध होते. १९९० मध्ये बोव्हारची सार्त्रला लिहिलेली पत्रं छापून आली, त्यात आपल्याविषयी काय लिहिलं होतं ते तिने म्हातारपणी वाचलं, आणि १९९३ मध्ये स्वतःचं पुस्तक लिहून टाकलं. करार दोघांचा होता, वापरली गेली तिसरी. तेव्हा पॅरिसचं उदाहरण देताना पॅरिसचं सगळं वाचावं.

५

पोरं म्हणतील, म्हणजे ताई शेवटी नीतीवरच आल्या. पंचशीलातलं तिसरं शील, बावीस प्रतिज्ञांमधली व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा, आणि बसा गप्प!

नाही. शील म्हणजे पोलिसाचा दंडुका नव्हे. शील तपासायचं असेल तर बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये एक गोष्ट कशी बदलून सांगितली ते पाहा. जुन्या कथेत सिद्धार्थ मध्यरात्री झोपलेल्या यशोधरेला न सांगता निघून जातो. शेकडो वर्षं ती कथा लोकांनी गोड मानली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ यशोधरेसमोर जातो, तिला सांगतो, तिचं मत विचारतो. आणि ती त्याचा निर्णय योग्य ठरवते, राहुलची जबाबदारी नसती तर आपणही आलो असतो असं सांगते. तिने नाही म्हटलं असतं तर? ती शक्यता त्या विचारण्यात आहे, म्हणून ते विचारणं खरं आहे.

जगाच्या कल्याणासाठी घर सोडणाऱ्यालासुद्धा बाबासाहेबांनी अंधारात जाऊ दिलं नाही. मग दुसऱ्या खोलीसाठी अंधारात जाणाऱ्याला आपण टाळ्या कशा वाजवतो?

म्हणून माझी कसोटी अशी आहे. तीन सज्ञान माणसं, तिघांनाही सगळं आधी माहीत, तिघांनाही नाही म्हणण्याची ताकद, तिघांनाही तीच मोकळीक — असं कुठे असेल आणि ते एकमेकांवर जीव लावून राहत असतील, तर मी त्यांच्या दारात दगड घेऊन जाणार नाही. ज्या तऱ्हेची प्रेमं समाजाने आजवर लपून करायला लावली, त्यांच्या बाजूने आपण उभं राहिलं पाहिजे, हेही मला मान्य. पण पहिलीला शेजारणीकडून कळलं, दुसरीला पहिली आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि तिसऱ्याला दोन्हीकडे गरम भाकरी — याला नवं तत्त्वज्ञान म्हणू नका. हे पाटलाच्या वाड्यावर पूर्वीपासून चालत आलेलं आहे.

६

आता कायद्याचं थोडं, कारण वस्तीत त्याविषयी फार गैरसमज आहे.

“आपण बौद्ध, हिंदूंचा कायदा आपल्याला लागू नाही” — चूक. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. पहिली बायको हयात असताना, घटस्फोट नसताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल आहे आणि गुन्हा आहे. हा गुन्हा आधी भारतीय दंडसंहितेच्या ४९४ कलमात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेच्या ८२ कलमात आहे. सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण पळवाटही आहे, आणि ती महाराष्ट्रातल्याच खटल्यातून आली. भाऊराव लोखंडे खटल्यात १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की दुसरं लग्न लागू विधींनी झालेलं सिद्ध झालं तरच द्विभार्येचा गुन्हा होतो. विधीच झाले नाहीत तर लग्नच नाही, आणि लग्न नाही तर गुन्हा नाही. म्हणजे विधी टाळून नुसती खोली केली की पुरुष सुटला! आमचे भाऊ लग्नसंस्थेच्या विरोधात का बोलतात ते आता कळलं असेल.

दुसऱ्या बाईचं काय? तिला बरीच वर्षं पोटगीसुद्धा मिळणं मुश्किल होतं, कारण ती ‘बायको’च नव्हती. २०१३ मध्ये बादशाह विरुद्ध उर्मिला गोडसे या खटल्यात, हाही महाराष्ट्रातलाच, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पहिलं लग्न लपवून ज्याने दुसरीला फसवलं, त्याला त्या फसवणुकीचा फायदा घेऊन पोटगी टाळता येणार नाही. अशा बाईला पोटगीपुरतं बायको मानलं पाहिजे. आणि व्यभिचाराचं ४९७ कलम? त्यात परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषावर खटला होई, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नसे. बायको म्हणजे नवऱ्याची वस्तू! ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला घटनाबाह्य ठरवलं. बाबासाहेबांनी घटनेत घातलेल्या समतेच्याच आधारावर. अंथरुणातला पोलीस गेला, ते बरंच झालं. पण भाकरीची जबाबदारी गेलेली नाही.

आणि कायद्याच्याही खाली एक जागा असते, ती म्हणजे खोली. दिघ्यात खोली म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने इथल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाई करायला सांगितली, तेव्हा माणसं कागद छातीशी धरून धावत होती. लाइटबिल कुणाच्या नावावर, कर पावती कुणाच्या नावावर, रेशनकार्डात कोण. त्या वेळी ज्या बाईचं नाव कशावरच नव्हतं तिला कुणी विचारलं नाही. आता दिघा गाव स्टेशन झालं, जानेवारी २०२४ पासून गाड्या थांबतात, म्हणजे जागेला मोल येणार. उद्या पुनर्वसन आलं तर यादीत एका घरामागे एकच नाव लागेल. दोघींवर प्रेम करणाऱ्याने तेव्हा कुणाचं नाव द्यायचं ते आत्ताच ठरवून ठेवावं. आणि मला विचाराल तर स्वतःचं न देता तिचं द्यावं. प्रेम तिथे दिसेल.

७

शेवटी आपल्या लिहिणाऱ्यांना दोन शब्द.

आपल्या कवितेत ‘प्रिये’ फार झाली. क्रांतीला ‘प्रिये’ म्हणणं आणि प्रियेला क्रांतीच्या नावाखाली ताटकळत ठेवणं, दोन्ही झालं. दर अंकाला माझ्याकडे पोरांच्या पाच-सहा कविता येतात. त्यात समाजाला शिव्या असतात, देवाला शिव्या असतात, आणि शेवटच्या कडव्यात एक बाई असते, जी समजून घेते. ती कायम समजूनच घेते! तिचा पगार किती, तिला किती वाजता उठावं लागतं, तिला दुसरा कुणी आवडला होता का, यातलं काही कवीला ठाऊक नसतं. असली कविता मी यापुढे परत पाठवणार आहे. ती अश्लील आहे म्हणून परत पाठवणार नाही. तिच्यात बाई नुसती नावाला आहे, म्हणून.

१९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं, की बायकोने नवऱ्याची दासी होऊ नये, मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं. ऐंशीवर वर्षं झाली. मैत्रीला दोनाचं, तिनाचं बंधन नाही. बरोबरीचं मात्र आहे. जिथे बरोबरी नाही तिथे एकीवर केलेलं प्रेमही जुलूम ठरतं. दोघींवर केलेल्याचं काय सांगायचं!

मला पुढच्या अंकासाठी लेख हवे आहेत. ज्यांना नवऱ्याने सोडलं त्यांचे, आणि ज्यांच्यासाठी सोडलं त्यांचेही. नाव घालायचं नसेल तर घालू नका. लिहिता येत नसेल तर सांगा, आमच्यातली एखादी पोरगी येऊन लिहून घेईल. स्टेन्सिल कापायला मी बसते. पुरुषांनी लिहायचं असेल तर जरूर लिहावं. फक्त लेखासोबत पहिलीच्या आणि दुसरीच्या, दोघींच्या सह्या पाठवाव्यात.

जय भीम.